राखणीची बंदूक : देवगड किनाऱ्यावरील शिकारीच्या वादाचा इतिहास

कुणकेश्वर हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्याचे किनाऱ्यावरचे गाव. समुद्रकाठचे शंकराचे देऊळ आणि महाशिवरात्रीची जत्रा यांमुळे ते महाराष्ट्रभर ओळखले जाते. देवळाकडे पाठ करून वर चढले की मात्र शेतीचे गाव लागते : जांभ्याचा सडा, हापूसच्या बागा, काजू, करवंदीच्या जाळ्या आणि मधल्या सखल भागात भाताचे कुणगे. या पट्ट्यात घर, बाग आणि रान यांच्यामध्ये ठळक सीमा कधीच नव्हती. रानडुक्कर, भेकर, साळिंदर, कोल्हा, माकड, वानर आणि बिबट्या ही जनावरे वाड्यांच्या लगतच राहत आली. शेतावर येणारे जनावर मारावे का, कोणी मारावे, कशाने मारावे आणि मेलेले जनावर कोणाचे, या चार प्रश्नांची सरकारची आणि गावाची उत्तरे गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलली. पहिल्या तीन प्रश्नांची चर्चा भरपूर झाली. चौथ्याची फारशी झाली नाही, आणि दक्षिण कोकणापुरते पाहिले तर वादाचे मूळ बरेचसे तिथेच आहे.

किनाऱ्यालगतच्या सड्यांवर शेतीच्याही आधीच्या माणसाच्या खुणा आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील कातळशिल्पांत हरणे, वाघ, हत्ती, गेंडा आणि मासे कोरलेले आहेत. यांतील निवडक जागा २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्या. मालवण तालुक्यातील कुडोपी ही त्यांतली सिंधुदुर्गातली जागा. या चित्रांत शेतीचा मागमूस नसल्याने ती शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्यांची असावीत, असे अभ्यासक मानतात. त्या काळापासून आजच्या शेतीपर्यंत सलग धागा जोडता येत नाही; पण या सड्यावर माणूस आणि मोठी जनावरे एकत्र राहिली, एवढे कातळावर कायमचे नोंदलेले आहे.

गावाला आठवणारी शिकार म्हणजे हाक्याची शिकार, अर्थात पारध. भातकापणी उरकली, गवत वाळले आणि पाण्याच्या जागा मोजक्या राहिल्या की डुकरे ठरावीक राईत किंवा जाळीत बसतात. गावातली पुरुषमंडळी आणि पोरे एका बाजूने हाकारे देत, डबे बडवत, कुत्री सोडून रान हाकत. दुसऱ्या बाजूला जनावराच्या नेहमीच्या वाटेवर बंदूकवाले दबा धरून बसत. बंदूक बहुधा खोताची किंवा जमीनदाराची असे, हाकेकरी कुळांतले. शिकार मिळाली की वाटे पडत : बंदूकवाल्याचा, हाकेकऱ्यांचा, कुत्र्यांच्या मालकांचा आणि देवाचा. एका दिवसात तीन कामे होत. पिकाचा शत्रू कमी होई, वर्षभर मटण न दिसणाऱ्या घरांना वाटा मिळे, आणि हाकाट्याने बुजलेला उरलेला कळप काही दिवस तरी ते रान सोडून जाई. यांतले कोणते काम मुख्य, हा प्रश्न गावाला कधी पडला नाही.

पारधीला देवाची संमती लागे. मालवण तालुक्यात मसुरे येथील आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा हे याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. ही जत्रा ठरावीक तिथीला भरत नाही. परंपरेनुसार देवदिवाळीनंतर देवीला शिकारीचा कौल लावला जातो, कौल मिळाला की मंडळी पारधीला निघतात, रानडुकराची शिकार वाजतगाजत देवळाकडे आणतात, सुवासिनी ती ओवाळतात आणि त्यानंतर जत्रेचा दिवस ठरतो. लाखो भाविकांच्या आणि मुंबईहून सुटणाऱ्या खास गाड्यांच्या या जत्रेची तारीख मुळात एका रानडुकरावर अवलंबून असावी, यावरून पारधीचे गावगाड्यातले स्थान कळते. डुक्कर हे पिकाचे सर्वांत मोठे वैरी. ते देवीच्या नावाने मारून वाटून खाणे म्हणजे हंगामाचा हिशेब पुरा करणे होते.

१८१८ नंतर देवगडचा किनारा इंग्रजांच्या ताब्यात गेला. शेजारचे सावंतवाडी संस्थान १९४८ पर्यंत वेगळे राहिले. इंग्रजी अमलाने शिकारीच्या बाबतीत दोन गोष्टी केल्या आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध जाणाऱ्या होत्या. पहिली म्हणजे हिंस्र श्वापदे मारणाऱ्याला बक्षीस. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाने १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे बक्षिसासाठी मारले गेले. कोळसुंद्यांवरही, म्हणजे रानकुत्र्यांवरही, बक्षीस असे. डुकरांची पिल्ले आणि भेकरे यांच्यावर जगणारी जनावरे अशी सरकारी खर्चाने कमी झाली. किनारपट्टीतून वाघ नाहीसा झाला. कोळसुंदे सह्याद्रीच्या आश्रयाला गेले आणि किनाऱ्यावर मोठ्या शिकारी जनावरांपैकी बिबट्या तेवढा उरला. त्याला वाडीतले कुत्रे डुकरापेक्षा सोपे पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे १८७८ चा शस्त्र कायदा. १८५७ च्या आठवणीने केलेल्या या कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरवला. पण साऱ्या बंदुका काढून घेतल्या तर पीक कोण राखणार, हा प्रश्न सारा वसूल करणाऱ्या सरकारलाही टाळता येण्यासारखा नव्हता. म्हणून पिके आणि गुरे यांच्या रक्षणासाठी परवाने देण्याची वाट नियमांत ठेवण्यात आली. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही तीच वाट चालू ठेवली. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. सिंधुदुर्गात ‘शेतीसंरक्षक बंदूक’ म्हणतात ती ही. अर्जाला सातबारा लागतो. साहजिकच बंदूक जमीनवाल्याच्या घरात गेली आणि भूमिहीनाकडे हाकाट्याचे काम व मटणाचा वाटा एवढेच राहिले.

ठासणीच्या बंदुकीची क्रिया सावकाश असते. नळीत वरून मोजून दारू ओतायची, त्यावर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा गजाने ठासायचा, मग शिशाचे छर्रे, पुन्हा बोळा. घोडा मागे ओढून खालच्या तोटीवर टोपी बसवायची. एवढे झाल्यावर एक बार. तो चुकला तर दुसऱ्यासाठी पुन्हा सगळे पहिल्यापासून. तोवर डुक्कर दोन बांध ओलांडून गेलेले असते. पावसाळी रात्री दारू सर्दावते आणि बार फुसका निघतो. अशा हत्याराने डुकरांची संख्या घटवणे शक्य नव्हते आणि तशी कोणाची अपेक्षाही नव्हती. दाणा दुधात असताना डुकरांचा कळप रात्री कुणग्यात शिरला तर खातो थोडे आणि लोळून, तुडवून नासवतो अधिक. भुईमूग, सुरण, कणगर यांचे तर तो सोंडेने वाफेच्या वाफे उलथतो. म्हणून दिवाळीपर्यंत माळ्यावर माणूस झोपे. त्याच्या हाती गोफण, डबा, पेटती चूड आणि असलीच तर बंदूक. राखणीत तिचा आवाज महत्त्वाचा, छर्रा दुय्यम. या बंदुकीमागे जागणारा माणूस होता, ही गोष्ट पुढच्या काळातला वाद समजण्यासाठी ध्यानात ठेवली पाहिजे.

वन्यजीवांच्या रक्षणाचा विचार कायद्यात हळूहळू आला. १९१२ च्या कायद्याने काही पशुपक्ष्यांना विणीच्या काळात अभय दिले. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशू आणि वन्य पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा करून शिकारीचे परवाने, बंद हंगाम आणि उपद्रवी जनावरांची यादी अशी व्यवस्था लावली. १९७२ चा केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायदा याहून पुष्कळ कडक होता, तरी त्यातही सुरुवातीला मोठ्या व लहान शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवाने गेले आणि छंद म्हणून करायची शिकार देशातून कायद्याने संपली. उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत कावळा, फळे खाणारी वटवाघळे, उंदीर आणि घुशी एवढेच उरले. रानडुक्कर, भेकर आणि सांबर तिसऱ्या अनुसूचीत होते. देवाच्या नावाने होणाऱ्या शिकारीला कायद्यात सवलत नाही; शिकारीचा परंपरागत हक्क राखला आहे तो फक्त निकोबार बेटांतील अनुसूचित जमातींचा.

पिकाचा प्रश्न कायदा करणारे विसरले नव्हते. कलम ११ नुसार एखादे जनावर माणसाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाले असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारणे नोंदवून ते मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. कलम ६२ नुसार केंद्र सरकार ठरावीक भागात, ठरावीक मुदतीपुरते एखाद्या जातीला उपद्रवी घोषित करू शकते. मात्र कलम ११ खाली मारलेले जनावर कलम ३९ नुसार राज्य सरकारच्या मालकीचे होते. ते वनखात्याच्या स्वाधीन करायचे आणि खात्याने त्याची विल्हेवाट लावायची. कायद्याची ही बाजू समजण्यासारखी आहे. मांस घेऊ दिले तर पिकाचे निमित्त करून मांसासाठी शिकार होईल. पण गावच्या पारधीत ज्या गोष्टीमुळे तीस-चाळीस माणसे दिवसभर काट्याकुट्यांतून रान हाकत, ती गोष्टच यात राहिली नाही. परवाना मिळाला तरी एकट्या शेतकऱ्याने रात्री जाळीत डुक्कर शोधायचे, मारायचे आणि मग पंचनाम्यासाठी कामधंदा सोडून बसायचे. गावात या वाटेने फार थोडे लोक गेले, याचे कारण इथे आहे.

याच काळात शेताचे चित्र पालटत होते. कोकणातला माणूस गिरण्यांच्या काळापासून मुंबईला जात होता. पण मागे बायका, म्हातारे आणि धाकटा भाऊ शेत राखत. पुढे तेही कमी झाले. दूरचे कुणगे आधी ओस पडले, मग भरडावरची नाचणी आणि वरी थांबली. पडीक जमिनीवर घाणेरी, करवंद आणि रानमोडी माजली. पूर्वी डुकराला दिवसा लपायला डोंगरापर्यंत जावे लागे, आता वाडीच्या मागे शंभर पावलांवर जागा मिळाली. मादीला एका वेळी सामान्यतः चार ते सहा पिल्ले होतात, गर्भकाळ चारच महिन्यांचा असतो आणि पिल्लू वर्षभरात जवळजवळ जाणते होते. खायला पीक, लपायला झुडूप आणि मागे लागायला ना वाघ ना हाकेकरी, अशा ठिकाणी ही जात वाढणारच. मग उरलेल्या पाचदहा शेतकऱ्यांच्या भातावर साऱ्या गावच्या वाट्याची डुकरे येऊ लागली आणि त्या त्रासाने त्यांतल्याही काहींनी शेती टाकली. डुकरांमुळे शेती सुटली असे गावोगाव सांगतात आणि ते खोटे नाही. पण शेती सुटल्यामुळे डुकरे वाढली, हा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही.

बागांचा त्रास वेगळा. देवगडचा पैसा हापूसवर आणि हापूस, नारळ, काजू यांवर येतात ती माकडे आणि वानरे. लाल तोंडाच्या माकडांची टोळी नारळाची कोवळी फळे पाडते, वानरे आंब्याचा मोहोर आणि कैऱ्या ओरबाडतात. इथे बंदुकीचा वाद लोकांच्या मनातच अडतो. डुकरावर बार काढणाऱ्याचा हात मारुतीच्या सैन्यावर उठत नाही. हिमाचल प्रदेशचा अनुभव हेच सांगतो. तिथे २०१६ मध्ये सिमला शहरातील माकडे उपद्रवी घोषित झाली, पण ती मारायला माणसे पुढे आली नाहीत. त्या राज्याने नसबंदीचा मार्ग आधीच धरला होता आणि दीड लाखाहून अधिक माकडांवर शस्त्रक्रिया केल्या. कोकणातल्या बागायतदारांच्या मागणीतही नसबंदी आणि पकडून दूर सोडणे हेच उपाय पुढे आले. दूर सोडलेली टोळी दुसऱ्या गावाच्या बागेत जाते, म्हणून त्याने त्रासाची फक्त जागा बदलते.

राष्ट्रीय पातळीवर वाद पेटला तो २०१५-१६ मध्ये. महाराष्ट्राने २०१५ मध्ये पिके नासवणारी रानडुकरे आणि रोही म्हणजे नीलगायी मारण्याच्या परवानगीची पद्धत सोपी केली. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर, तर पुढे उत्तराखंडात रानडुक्कर उपद्रवी घोषित केले. बिहारमधील मोकामा परिसरात बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक रोही मारले तेव्हा जून २०१६ मध्ये केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी आपल्याच सरकारच्या पर्यावरण मंत्रालयावर उघड टीका केली. त्यांनी चंद्रपुरात ५३ रानडुकरे मारली गेल्याचाही उल्लेख केला. पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांचे उत्तर असे की, राज्ये मागतात तेव्हाच आणि ठरावीक भागापुरती, ठरावीक मुदतीपुरती परवानगी दिली जाते. गोव्यात त्याच वर्षी तेव्हाचे कृषिमंत्री रमेश तवडकर यांनी उपद्रवी प्राण्यांच्या यादीत माकड, रानडुक्कर, गवा यांच्याबरोबर मोराचाही विचार असल्याचे सांगितले. राष्ट्रीय पक्ष्याचे नाव येताच गदारोळ झाला आणि डुकरांनी गांजलेल्या शेतकऱ्याचे म्हणणे त्यात बुडून गेले.

दिल्लीतल्या या वादात एका बाजूला करुणा आणि दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याचे नुकसान अशी मांडणी झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण मारण्याने संख्या खरोखर घटते का, हा मधला प्रश्न मागे पडला. त्याचा दीर्घ अनुभव अमेरिकेच्या उपनगरांना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथली पांढऱ्या शेपटीची हरणे बेसुमार शिकारीने पाच लाखांच्या आत आली होती. कायद्याचे संरक्षण, लांडग्यांचा नाश आणि बागाबगीच्यांनी भरलेली उपनगरे यांमुळे ती आज तीन कोटींच्या घरात आहेत. घरांच्या दाटीत बंदूक चालवता येत नाही, मागे लागणारा लांडगा उरलेला नाही आणि खायला फुलझाडे मुबलक, ही स्थिती कोकणातल्या वाडीहून फार निराळी नाही. न्यू जर्सी या मराठी कुटुंबांच्या मोठ्या वस्तीच्या राज्यात प्रिन्स्टनने २००१ पासून पैसे देऊन नेमबाज आणले. गावात त्यावरून उभी फूट पडली, आणि हरणे कमी झाली तरी ती कमी राहावीत म्हणून पुढेही अनेक वर्षे ते काम चालू ठेवावे लागले. न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर १९९३ पासून गर्भनिरोधक लस टोचून पाहिली गेली, स्टॅटन आयलंडवर २०१६ पासून नरांची नसबंदी झाली. हे उपाय बंदिस्त बेटांवर काही प्रमाणात लागू पडतात. मोकळ्या मुलखात बाहेरून नवे नर येत राहतात. एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. अमेरिकेत मारलेले हरीण शिकाऱ्याच्या घरी किंवा गरिबांच्या अन्नछत्रात जाते, आणि १९३७ च्या कायद्यापासून बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या संगोपनाला मिळतो. भारतात कलम ११ खाली मारलेल्या जनावराचा असा कोणताही उपयोग कायद्याला मान्य नाही.

परवान्याची वाट अवघड असली की चोरवाट वापरली जाते. सिंधुदुर्गात ती दोन प्रकारची आहे. डोक्याला बॅटरी बांधून रात्री केलेली शिकार मांसासाठी असते आणि तिचा पीकराखणीशी संबंध उरलेला नाही. तीत डुकराबरोबर भेकर, साळिंदर आणि पिसोरीही जातात. दुसरी फासकी. दुचाकीच्या ब्रेकची किंवा क्लचची तार बांधावरच्या वाटेत लावून ठेवतात. तार डुक्कर आणि बिबट्या यांत फरक करत नाही. बागेच्या कुंपणात कमरेला तार रुतून अडकलेला बिबट्या ही कोकणात वारंवार येणारी बातमी आहे. डुकराला खाऊ शकणारे किनाऱ्यावरचे शेवटचे मोठे जनावर डुकरासाठी लावलेल्या तारेत मरते, ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी हानी आहे.

२०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्याच्या अनुसूची सहावरून चारवर आल्या. उपद्रवी प्राण्यांची वेगळी अनुसूची गेली, रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आले. केंद्राचा उपद्रवी घोषित करण्याचा आणि राज्याचा कलम ११ चा अधिकार तसाच राहिला. केरळने त्याच वर्षी कलम ११ च्या अधिकाराचा वापर करून रानडुक्कर मारण्याची परवानगी देण्याचे काम ग्रामपंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या प्रमुखांकडे दिले, त्यामुळे निर्णय गावातच होऊ लागला. महाराष्ट्रात ही परवानगी वनखात्याकडेच आहे.

देवगड-मालवणातली शेतीसंरक्षक बंदूक आता बहुतेक घरांत वारसाहक्काने आलेली आहे. परवान्याचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते, आणि ती वेळ अनेकदा नेमकी भात पिकण्याची किंवा आंबा तयार होण्याची असते. कोणाची बंदूक जमा करून घ्यायची हे ठरवणाऱ्या छाननी समितीने शेतीसंरक्षक परवान्यांना सूट द्यावी, अशी मागणी जिल्ह्यात प्रत्येक निवडणुकीला होते. बागायतदार दरम्यान सौरकुंपण, जाळी आणि राखणीला ठेवलेले गुरखे यांकडे वळले आहेत. आंब्याच्या उत्पन्नात हा खर्च बसतो. भाताच्या चार कुणग्यांच्या उत्पन्नात तो बसत नाही, म्हणून ज्यांना बंदुकीचा किंवा परवान्याचा खरा उपयोग झाला असता ते भातशेतकरी कमी होत चालले आहेत आणि मारण्याच्या परवानगीसाठी आग्रह धरणाऱ्यांत बागायतदारांचे प्रमाण वाढले आहे.